न घेतलेलं नाव आणि शाळेची जागा

तरुणपणी मी फार धीट होते असं माझ्या नातवंडांना वाटतं, कारण तसं मीच त्यांना सांगितलंय. खरं म्हणजे कॅनडात आल्यावर पहिली पाच-सहा वर्षं मी दुसरं काही केलंच नाही, नुसती घाबरत होते. टेलिफोन वाजला की घाबरायची. बेसमेंटमधली घर तापवायची फर्नेस धडधडली की घाबरायची. दारात टायवाला माणूस दिसला तर स्वयंपाकघरात खाली बसून राहायची. इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली बाई, पण खराब दूध दुकानात परत करायला ह्यांना पाठवायची. केस मात्र कापले होते हो. तेवढ्यावर आपण आधुनिक आहोत अशी माझी समजूत होती.

मिसिसागातल्या आमच्या घरामागे एक मोकळी जागा होती. दहा घरांची कुंपणं तिला टेकलेली. उन्हाळ्यात गुडघाभर गवत, हिवाळ्यात पोरांची घसरगुंडी. घरं विकणाऱ्यानं सगळ्यांना तिथे पार्क होणार म्हणून सांगितलं होतं. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा बातमी आली की स्कूल बोर्ड तिथे फ्रेंच बोलणाऱ्या मुलांची प्राथमिक शाळा बांधायचं म्हणतंय. झालं. जे लोक वर्षानुवर्षं एकमेकांना हवामानापलीकडे काही बोलले नव्हते ते ड्राइव्हवेत उभं राहून भांडायला लागले. पार्क आमचा हक्काचा, दिवसभर बसची ये-जा नको, आणि इथे सगळ्यांना इंग्रजी चालतं तर ह्यांनाच वेगळं काय हवं, वगैरे.

'ह्यांनाच' म्हणजे आमच्या रस्त्यावर एकच घर. ती फ्रेंच बाई माझी समोरची शेजारीण, आणि त्या देशात माझी एकुलती एक मैत्रीण. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच अडखळतं, म्हणून आमचं जमलं. दोघींनाही एकमेकींची लाज वाटायची नाही. तिची सहा वर्षांची मुलगी फ्रेंच शाळेसाठी रोज बसनं एक तास जायची, एक तास यायची. एकदा परत येताना ती मागच्या सीटवर झोपली. ड्रायव्हरला दिसली नाही, आणि ती थेट बस डेपोतल्या अंधारात जागी झाली. इकडे आम्ही दोघी बर्फात रस्त्याच्या कडेला उभ्या. बस येत नाही, शाळेत फोन उचलत नाहीत. मैत्रिणीनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे चार बोटं उमटलेली. दोन तासांनी पोलिसांच्या गाडीतून पोर आली. रडत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

हे सगळं पाहिलेली मी. आणि कोपऱ्यावरच्या घरातली बाई शाळेविरुद्धचा अर्ज घेऊन आमच्या दारात आली तेव्हा मी सही केली.

का केली? ती बाई वाईट नव्हती. आम्ही नवीन होतो तेव्हा केक घेऊन आलेली. पेन पुढे करताना ती सहज म्हणाली, तुमचं सिटिझनशिपचं आलं की सांगा हं, आम्ही सगळे टाळ्या वाजवायला येऊ. बस, इतकंच. त्याचा अर्थ माझ्या सुपीक डोक्यानं असा लावला की सही नाही केली तर हे लोक सिटिझनशिप देणाऱ्या न्यायाधीशाला जाऊन सांगणार, ही बाई चांगली नाही, हिला परत पाठवा. तिनं मला धमकी दिलीच नव्हती. तिच्या वतीनं ती मीच मला दिली.

मग मी मैत्रिणीला टाळायला लागले. ती दिसली की पडदा ओढायचा. चार वर्षांची माझी मुलगी तिच्याकडे खेळायला निघाली की तिला ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावायचा. पोरीला आयुष्यात इतक्या वेळा ताप आला नसेल.

अर्ज गेला. बोर्डानं शाळेच्या जिममध्ये सभा ठेवली. जागेला लागून असलेल्या दहा घरांतल्यांनी माईकवर येऊन आपलं नाव, घर कुणाच्या नावावर आहे ते, आणि म्हणणं सांगायचं, असं ठरलं. कोपऱ्यावरच्या बाईनं मला एक चिठ्ठी लिहून दिली, दोन वाक्यांची, 'घाबरू नकोस, एवढंच वाच' म्हणून.

त्या हिवाळ्यात सासूबाई आमच्याकडे आलेल्या. घरी एकट्या बसायला तयार नव्हत्या, म्हणून नऊवारीवर ह्यांचा कोट आणि पायात ह्यांचेच बूट घालून सभेला आल्या. पहिल्या रांगेत हे, त्यांच्याशेजारी सासूबाई. दोन रांगा मागे माझी मैत्रीण, मांडीवर मुलगी. मला पाहून तिनं हात हलवला. तिला वाटलं, मी तिच्यासाठी आलेय.

माझा नंबर आला. बोर्डाचे अध्यक्ष म्हातारे, शांत गृहस्थ होते. त्यांनी नाव विचारलं, मी माझं सांगितलं. मग त्यांनी घर कुणाच्या नावावर आहे ते विचारलं.

घर ह्यांच्या नावावर होतं. आणि ह्यांचं नाव मी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं ते घेतलं. त्यानंतर 'अहो', 'हे', नाहीतर 'इकडून'. आता समोर दोनशे लोक, आणि पहिल्या रांगेत डोक्यावरून पदर घेतलेल्या सासूबाई माझ्याकडे एकटक बघतायत.

मी म्हटलं, "ह्यांचं," आणि बोट दाखवलं. थोडं हसू उठलं. अध्यक्ष म्हणाले, हो, पण त्यांचं नाव?

मी ओठ मिटले. डोक्यात लग्नातला उखाणा गरगरायला लागला, चांदीच्या ताटात अमुक आणि तमुक. एक क्षण असा आला की तोच म्हणून टाकावा. पण जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली? हसू थांबलं. लोक कुजबुजायला लागले.

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि अगदी हळू विचारलं, "बाई, इथे बोलू नका असं तुम्हाला कुणी सांगितलंय का?"

मी मान डोलवली. हो. सांगितलं होतंच ना, आईनं, आजीनं, मावशीनं, नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणून. मला वाटलं त्यांनी अचूक ओळखलं.

सगळी सभा कोपऱ्यावरच्या बाईकडे वळली. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. अध्यक्षांची नजर माझ्या हातातल्या चिठ्ठीवर गेली, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की मी काय करून बसले. भीती आधी होतीच, पण ही वेगळी. आता माझ्यामुळे दुसऱ्याचं नाव खराब होणार होतं. गप्प बसले असते तर माझं सगळं परस्पर निभावलं असतं. मैत्रिणीला वाटलं असतं, बिचारीवर जबरदस्ती झाली.

"त्यांनी नाही," मी म्हणाले. आवाज माईकमधून इतका मोठा आला की मीच दचकले. "सही माझीच आहे. कुणी जबरदस्ती केली नाही. मी घाबरून केली. ती काढून टाका."

मैत्रिणीकडे बघायचं नव्हतं, पण बघितलं. तिचा हात मुलीच्या केसांतून फिरत होता, तो थांबला. सही केली होती हे तिला तेव्हा कळलं.

सभा संपली, गाडीतून घरी निघालो. सिग्नलपाशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढी माणसं ताटकळली. घ्यायचं होतंस नाव. मी काय अडवलं होतं?"

मी थक्क. म्हटलं, तुम्ही बघत होतात ना माझ्याकडे. तर म्हणतात, "तुझ्या स्वेटरच्या बाहीला धोब्याची चिठ्ठी लटकत होती, ती बघत होते."

कोपऱ्यावरच्या बाईनं नंतर कधी केक आणला नाही. मी माफी मागायला गेले तर दारातूनच 'इट्स फाइन' म्हणाली. ते अजून टोचतं. मैत्रीण तीन आठवडे बोलली नाही. मी रोज पडद्याआडून बघायची, ती पाच वाजता बसची वाट बघत एकटी उभी असायची. चौथ्या आठवड्यात मी कोट चढवला, बाहेर गेले, आणि काही न बोलता तिच्याशेजारी उभी राहिले. छाती धडधडत होती, माईकपुढे धडधडली त्याहून जास्त. बस आली, मुलगी उतरली. मैत्रीण म्हणाली, "उद्या फावडं घेऊन ये. माझ्या दारात फार बर्फ साठलाय." इतकंच. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे तासभर बर्फ उपसत होते.

सिटिझनशिपच्या मुलाखतीत शेजाऱ्यांबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही. नवऱ्याचं नाव विचारलं. सासूबाई भारतात परतल्या होत्या. मी ते एवढ्या जोरात घेतलं की शेजारी बसलेले हे उठून उभे राहिले.

बोर्डानं बरीच खळखळ केली, अर्धी जागा पार्कला सोडली आणि अर्ध्या जागेवर शाळा बांधली. ती उघडली तेव्हा मैत्रिणीची मुलगी नऊ वर्षांची झाली होती. तिचा रस्ता आमच्या परसातून सगळ्यात जवळचा, म्हणून ह्यांनी कुंपणाची एक फळी काढून टाकली. सव्वातीनला घंटा व्हायची, आणि फळीच्या फटीतून आधी दप्तर यायचं, मग ती. चार मिनिटांचा रस्ता. तरी ते दप्तर दिसेपर्यंत मी सिंकपाशी उभी असायची, चहा गार करत.