कानावरून ससा ओळखणारे मामा

आजवर बायकोलाही सांगितलं नाही, ते आता सांगतो. परभणीच्या आमच्या प्रयोगशाळेत ससे सांभाळणाऱ्या मामांसारखी नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही, आणि ती नजर मी घालवली.

मामा पोखर्णीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. आम्हाला सगळे ससे सारखेच, पांढरे नि लाल डोळ्यांचे. म्हणून पिंजऱ्यांवर आकडे. मामा आकड्यांकडे ढुंकूनही पाहत नसत. सशाचा कान उजेडाला धरायचे, आतल्या शिरांची नक्षी बघायचे आणि सांगायचे, "ही तिसऱ्या घरची सून हाय. लय नखरा." रक्त काढण्याआधी तो कान तळव्यांत धरून ऊब द्यायचे. मी सुई घेऊन घाई केली की म्हणायचे, "सर, जरा दम धरा. तिला तुमची वळख तर होऊ द्या." एकदा गमतीनं आम्ही दोन ससे बदलून ठेवले. मामांनी कान बघून ते आपापल्या जागी नेले आणि दोन दिवस आम्हाला बिनसाखरेचा चहा पाजला.

आमचं काम असं होतं: शेळ्यांच्या एका आजाराच्या जंतूतलं प्रथिन सशाला टोचायचं. त्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, आणि ती वापरून ते प्रथिन पुढे कुठल्याही नमुन्यात हुडकता येतं. फक्त टोचण्याआधी त्याच सशाचं थोडं रक्त तुलनेसाठी काढून ठेवावं लागतं. ते मी विसरलो. मामांनी विचारलंही होतं, "सर, आधीचं काढलं का?" मी नुसतं "हो" म्हणालो.

तीन महिन्यांनी आमची प्रतिपिंडं निरोगी शेळीच्या नमुन्यातही, म्हणजे ते प्रथिन नसतानाही, ते सापडल्याचा रंग दाखवू लागली. सशाच्या रक्तातच आधीपासून काही होतं का हे बघायला प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या मॅडमनी ते पहिलं रक्त मागितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामांनी पिंजरे धुताना ससे बदलले, मॅडम. कुणाचं रक्त ते कळेना, म्हणून फेकून दिलं."

मामांना बोलावलं. मला वाटलं, भांडतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सर म्हनायलेत तर झालं आसंल. डोळे म्हातारे झाले." त्यांना फाटकावर बसवलं. निवृत्तही ते तिथूनच झाले.

गेल्या महिन्यात पोखर्णीच्या नरसिंहाला गेलो होतो. वाट वाकडी करून मामांच्या मेंढरांच्या वाडग्यावर गेलो. तीसेक मेंढ्या. प्रत्येक कोकराच्या गळ्यात रंगीत दोरी, आणि त्याच रंगाची त्याच्या आईच्या गळ्यात.

"दोऱ्या कशाला, मामा?"

"नजरेचा भरवसा न्हाई राहिला, सर. कोकरू भलतीलाच लावलं तर उपाशी मरंल. तुमच्या सशावानी व्हायला नगं."

त्यांनी चहा दिला. माझ्या कपात साखर जरा जास्तच होती. तो पिऊन मी परत आलो.

मामा, तुम्ही ससे बदलले नव्हते, मी रक्त काढायला विसरलो होतो. एवढं एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.