मीटरमागे दोन सेंटीमीटर

टेलरमास्तरांना गळ्यात टेप नसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दुकान बंद करून दीड वर्ष झालं, तरी सकाळी शर्टाची बटणं लावून झाली की हात आपोआप खुंटीकडे जायचा आणि पिवळी टेप मानेवर येऊन बसायची. मेणकापडाची, कडा मऊ पडलेली, निम्मे आकडे पुसलेली. आकडे वाचायची मास्तरांना गरजच पडत नसे. ते बोटांना पाठ होते. दुकान उघडलं त्या दिवशी बायकोनं ही टेप आणून दिली होती. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. टेप होती.

दुकान बंद झालं ते गुडघ्यांमुळे. डोळे शाबूत, बोटं शाबूत, पण गुडघ्यांनी एके दिवशी मशीनचं पायडल मारायला साफ नकार दिला. मग रिकामे हात मांडीवर ठेवून बसणं आलं. बसून बसून कंटाळले आणि एका दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत डोकावले. तिथं छोट्या रेल्वेचा क्लब भरायचा. नोकऱ्या करून निवृत्त झालेली दहा-बारा मोठी माणसं बोटभर इंजिनं रुळांवर चालवत होती आणि त्यात कुणालाही हसू येत नव्हतं. मास्तरांना हे फार आवडलं. ते खुर्ची ओढून बसले ते बसलेच.

क्लबची रीत अशी होती. प्रत्येकानं आपापल्या घरी एक टेबल करायचं. लांबी एकशेवीस सेंटीमीटर, उंची एक मीटर, दोन्ही टोकांना रूळ ठरलेल्या जागी. टेबलावर मग डोंगर करा, गोदाम करा, हवं ते करा. वर्षातून एकदा, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, सगळी टेबलं सभागृहात आणून रिंगणात जोडायची, आणि एकच गाडी सगळ्यांच्या टेबलांवरून फिरवायची.

क्लबचे प्रमुख होते मोजणीसाहेब. सरकारी नोकरीत लोकांच्या जमिनी मोजण्यात त्यांची हयात गेली होती आणि सख्खे भाऊ कुंपण कसं रात्रीतून सरकवतात हे बघून बघून त्यांचा कुणाच्याच मापावरचा विश्वास उडाला होता. मापांचा कागद मास्तरांच्या हातात देताना ते म्हणाले, “मास्तर, टेप स्टीलची वापरा.”

“साहेब,” मास्तर म्हणाले, “मग मी चाळीस वर्षं काय हवेत हात फिरवत होतो?”

सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

मास्तरांचं हे पहिलंच टेबल. त्यावर त्यांनी आपली गल्ली केली. दुकान, दुकानावरची खोली, खोलीच्या खिडकीला पडदा. आणि रुळाच्या अगदी कडेला दोन खांब रोवून वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी. नखाएवढे शर्ट, त्याहून लहान झबली, एक परकर, सगळं खऱ्या कापडाचं, खऱ्या टाक्यांनी शिवलेलं. गाडी जवळून गेली की वाऱ्यानं ते कपडे हलले पाहिजेत, एवढाच मास्तरांचा हट्ट होता. दोरीच्या टोकाला त्यांनी एक करडा कोट टांगला होता.

त्या कोटाचं कापड खरं होतं. लेकीच्या कोटाचं उरलेलं.

दोन वर्षांपूर्वी लेकीनं फोन केला होता. थंडीचा कोट शिवून द्या, मापं जावयांनी घेतली आहेत. जावई औषधाच्या दुकानात काम करायचे, थेंब मोजून देणारे. त्यांनीच फोनवर आकडे सांगितले आणि मास्तरांनी ते खडूनं पाटीवर लिहून घेतले. एकेक काज हातानं केलं, अस्तर दोनदा उसवून बसवलं. कोट घेऊन ते स्वतः लेकीच्या घरी गेले. तिनं तो अंगात घातला आणि मास्तर एक पाऊल मागं सरकले. खांदे जरा उतरलेले, बाह्या मनगटाच्या बोटभर खाली, आणि मास्तरांच्या नजरेला पोर आत कुठंतरी हरवलेली.

“तू वाळलीस,” ते म्हणाले.

“नाही हो बाबा. कोटच मोठा झालाय.”

“माझा कोट?” आणि मग ते जावयांकडे वळले. “आमची मुलगी खंगत चाललीय आणि तुम्हाला पत्ता नाही? का पत्ता लागू नये म्हणून जुनीच मापं सांगितलीत?”

जावई उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. हळूच, आवाज न करता लावलं. तो न झालेला आवाज मास्तरांच्या कानात दोन वर्षं होता.

तेव्हापासून लेक घरी आली नव्हती. रविवारी फोन, पाच मिनिटं, तब्येत आणि हवापाणी. या वेळी मात्र तिनं सांगितलं होतं, “आम्ही दोघं येऊ रविवारी. प्रदर्शन बघायला.” प्रदर्शन बघायला. घरी नव्हे. मास्तर तो शब्द दिवसभर तोंडात घोळवत बसले. तरी येणार होती. येईल, टेबल बघेल, कोट ओळखेल. पुढं काय होईल ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण गाडी त्या दोरीजवळून गेली पाहिजे, एवढं नक्की होतं.

शनिवारी दुपारी सभागृहात टेबलं आली. मास्तरांचं टेबल शेजारच्या टेबलाला लावलं तेव्हाच ते थोडं वर उठलेलं दिसलं. शेजारचं टेबल डॉक्टरबाईंचं होतं. बाई दातांच्या डॉक्टर, क्लबात डाख द्यायचं, म्हणजे वितळलेल्या कथलानं रूळ जोडायचं काम त्यांच्याकडे, कारण त्यांचा हात कधी थरथरत नसे.

“मास्तर, तुमचं टेबल टाचा उंच करून कुणाला बघतंय?”

“फरशी खचलीय,” मास्तर म्हणाले.

एकामागून एक टेबलं जोडत रिंगण समोरच्या बाजूनं बंद होत आलं. शेवटचं टेबल जागेवर बसलं आणि बसलं नाही. दोन रुळांच्या मधे फट राहिली. मोजणीसाहेबांनी तीत एक बोट घातलं. मग दुसरं घातलं.

“साहेब, तोंडात बोटं घालून बघायचं काम माझं आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

साहेबांनी खिशातून स्टीलची टेप काढली आणि पहिल्या टेबलापासून मोजायला सुरुवात केली. एकशेवीस. एकशेवीस. प्रत्येक जण आपल्या टेबलाशी असा उभा होता, जसा तपासणीला आलेल्या साहेबापुढे कारकून. मास्तरांच्या टेबलाशी येऊन टेपचा कडक आवाज थांबला.

“एकशेबावीस पूर्णांक चार.”

“शक्य नाही.” मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, लावली, बोटानं शेवटचं टोक दाबून धरलं. “हे बघा. एकशेवीस. केसभर इकडं नाही, केसभर तिकडं नाही.”

साहेबांनी आपली टेप फरशीवर पसरली. “ठेवा तुमची शेजारी.”

मास्तर गुडघे सांभाळत खाली बसले. दोन टेपा शेजारी शेजारी पडल्या. दहापर्यंत दोघी बरोबर चालल्यासारख्या वाटल्या. पन्नासाशी पिवळी एक सेंटीमीटर पुढं होती. शंभराशी दोन. चाळीस वर्षं रोज गळ्यात लोंबून, रोज ओढली जाऊन ती बिचारी लांब झाली होती, आणि तिच्यावरचे आकडे तिच्याबरोबर मुकाट्यानं सरकत गेले होते.

कुणी हसलं नाही. शेवटी डॉक्टरबाईंनीच विचारलं, “मग इतकी वर्षं लोकांना कपडे बसले कसे? माझा एप्रनसुद्धा यांनीच शिवलाय. झकास बसतो.”

“बसणारच,” साहेब म्हणाले. “अंगही याच टेपेनं मोजलं, कापडही याच टेपेनं. दोन्हीकडे सारखीच चूक, मग ती दिसणार कुठं? चुकेल ते फक्त दुसऱ्याच्या टेपेचं माप.”

साहेब हे हिशेब सांगावा तसं बोलून गेले. मास्तर खालीच बसून राहिले. त्यांना दुकानातली चिठ्ठ्या अडकवायची तारेची आकडी आठवली. परगावचे लोक मापं चिठ्ठीवर लिहून पाठवत. काज करता करता बायको म्हणायची, “चिठ्ठीवरचे कपडे तुमच्याकडून नेहमी ढगळ होतात बघा.” आणि ते म्हणायचे, “लोक माप देताना पोट फुगवतात, त्याला मी काय करू?” तिनं पुढं वाद घातला नव्हता. आपण आपल्याच टेपेनं आपल्याला मोजत राहिलो, आणि म्हणून दरवेळी अगदी बरोबर निघालो. मग पाटीवरचे खडूचे आकडे आठवले. फोनवरून आलेले. आणि ते हळूच लागलेलं दार.

“मास्तर, पाणी देऊ का?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“नको.”

साहेब घड्याळाकडे बघत होते. “उद्या दहाला दार उघडायचं आहे. तुमचं टेबल काढून क्लबचं कोरं टेबल लावू. नाहीतर कडेचे अडीच सेंटीमीटर कापू.”

“कडेला दोरीचा खांब आहे.”

“मग खांब जाईल.”

“साहेब,” मास्तर हळूहळू उभे राहत म्हणाले, “सदरा काखेत आवळला म्हणून आम्ही माणसाचा हात कापत नाही. कळी घालतो.”

“कळी?”

“कापडाचा तुकडा जोडतो, जिथं कमी पडतंय तिथं. समोरच्या बाजूला फट आहे ना? तिथं लाकडाची पट्टी घाला, वर रुळाचे दोन तुकडे. दोन सेंटीमीटर चार मिलीमीटर.”

साहेबांनी भुवई वर केली. “तुमच्या टेपेनं की माझ्या?”

मास्तरांनी पिवळी टेप बोटांवर गुंडाळली आणि खिशात घातली. “तुमच्या.”

संध्याकाळपर्यंत काम झालं. मास्तरांनी स्वतः करवत घेऊन टेबलाचे चारही पाय दोन-दोन सेंटीमीटर कापले. साहेबांनी खूण केली, मास्तरांनी ती पुन्हा एकदा विचारून घेतली. डॉक्टरबाईंनी श्वास धरून डाख दिला. गाडी सोडली. ती फिरली, मास्तरांच्या गल्लीतून गेली, नखाएवढे शर्ट हलले. समोरच्या बाजूला पट्टीवर मात्र प्रत्येक डब्याचा आवाज झाला. टक-टक. बाकी सगळीकडे गाडी रेशमासारखी, आणि तिथं टक-टक.

“जोडावर बारीक कानस मारली पाहिजे,” साहेब म्हणाले.

“राहू द्या,” मास्तर म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी टेप खुंटीवरच ठेवली. रस्त्यानं चालताना मान इतकी हलकी वाटली की ते दोनदा थांबले, काही विसरलं का म्हणून.

लेक आणि जावई साडेअकराला आले. गाडी चालवणारे रिंगणाच्या आत उभे राहत, लोक बाहेर. मास्तरांनी आतून बघितलं. लेक सरळ दोरीपाशी आली आणि वाकली. तिनं कोट ओळखला हे तिच्या मानेवरूनच कळलं. जावई हात खिशात घालून मुद्दाम लांब, समोरच्या बाजूला जाऊन उभे राहिले. गाडी आली. टक-टक, टक-टक. जावयांनी खाली वाकून बघितलं. थेंब मोजणाऱ्या माणसाला असलं काही दिसल्याशिवाय राहत नाही.

रिंगणातून बाहेर पडायचं तर टेबलाखालून जावं लागे. सकाळी सगळ्यांनी धरून मास्तरांना कसंबसं आत आणलं होतं, आणि पुन्हा वाकावं लागू नये म्हणून त्यांचा डबा, चहा सगळं आतच पोचवलं होतं. मास्तरांनी एक हात टेबलाच्या कडेवर ठेवला, दुसरा फरशीवर टेकला आणि गुडघ्यांवर खाली गेले. डॉक्टरबाई “अहो, अहो” म्हणेपर्यंत ते समोरच्या टेबलाखालून जावयांच्या बुटांपाशी बाहेर आले होते.

जावयांनी दचकून त्यांना दंडाला धरून उठवलं. “अहो बाबा, काय हे?”

“तो आवाज येतोय ना,” मास्तर धापा टाकत म्हणाले, “ती माझी चूक आहे. माझं टेबल मोठं झालं, म्हणून इथं तुकडा जोडावा लागला. टेप ताणली गेली होती माझी. मीटरमागे दोन सेंटीमीटर.”

जावई पट्टीकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, “छाती ब्याण्णव. बाही अठ्ठावन्न.”

दोन वर्षं हे आकडे त्या माणसानं जपून ठेवले होते. मास्तरांना त्यांच्याकडे बघवेना.

“मापं बरोबर होती तुमची,” ते म्हणाले. “मी तुम्हाला नको ते बोललो.”

गाडी पुन्हा आली आणि सगळे डबे जाईपर्यंत दोघं थांबले. तोवर लेक वळसा घालून त्यांच्यापाशी पोचली होती. तिनं शेवटचं तेवढं ऐकलं होतं.

“म्हणजे मी तुला उपाशी ठेवत नव्हतो, हे सिद्ध झालं तर,” जावई तिला म्हणाले. आवाज कोरडाच होता, पण डोळे नव्हते.

“तो कोट पाठवून दे,” मास्तर घाईघाईनं तिला म्हणाले. “आवळून देतो. साहेबांची टेप मागून आणतो.”

“काही नको,” ती म्हणाली. “दोन्ही हिवाळे घातलाय. आत जाड स्वेटर घातला की छान बसतो. आता तुम्ही आवळलात तर त्या स्वेटरचं मी काय करू?”

मास्तरांचा हात सवयीनं मानेकडे गेला, तिथं काही सापडलं नाही, आणि तसाच खाली आला.

“हे कितीपर्यंत आहे?” जावयांनी विचारलं.

“सहापर्यंत. मग टेबलं सोडवायची. तासभर लागतो.”

जावयांनी जाकीट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं. “थांबतो. सोडवायला हात लागतील तुम्हाला. मग घरी जाऊ.”

आतून मोजणीसाहेब ओरडले, “मास्तर, गप्पा पुरे! तुमच्या गल्लीत गाडी उभी आहे, कोण बघणार तिच्याकडे?”

“आलो,” मास्तर म्हणाले, आणि टेबलाची कड धरून पुन्हा खाली वाकू लागले. या वेळी जावयांनी त्यांचा दुसरा हात धरला होता.