लंगड्या घोड्याचा छाप

जगदेव रिठदचा. वाशीमच्या दोरखंडाच्या कारखान्यात अंबाडीच्या दोरांचे गठ्ठे बांधून झाले, की गोणपाटावर घोड्याचा छाप मारायचं काम त्याचं. पत्र्याचा साचा त्यानंच कापलेला. कापताना घोड्याचा मागचा पाय आखूड झाला. बाया हसायच्या, "जगदेवभाऊ, तुमचा घोडा लंगडते!"

पंचावन्नच्या ऑगस्टात तो सत्याग्रहींबरोबर गोव्यात शिरला. पोर्तुगीज शिपायांनी बंदुकीच्या दस्त्यांनी बडवलं, दोरानं हात मागे बांधले आणि सगळ्यांना एका गोदामात कोंबलं. जगदेवनं मान वळवली, तर कोपऱ्यात दोरांचे गठ्ठे. गोणपाटावर तोच लंगडा घोडा.

दोन दिवसांनी काहींना तुरुंगात नेलं, जगदेवसकट बाकीच्यांना हद्दीबाहेर हाकललं. घरी आला, पण जिवाला चैन नव्हतं. जेवता जेवता उठायचा, अंगणात येरझाऱ्या घालायचा. बायको रुख्मिणी त्याच कारखान्यात दोर वळायची. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "मीच वळला असन तो."

तो मॅनेजर रामरावांकडे गेला. "रामरावजी, गोव्यात माल धाडाले बंदी हाय. मंग आपला दोर त्या फौजेकडे गेला कसा?"

"आपन मुंबईच्या मालकाइले धाडतो, ते कोलंबोले इकतात. तिथून कुठी जाते, ते पाहाचं काम आपलं हाय का?"

"मंग कोनाचं हाय?"

"तू छाप मार ना बाप्पा!"

"कोलंबोच्या गठ्ठ्याइवर नाही मारत."

त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी रुख्मिणीसह साऱ्या बाया फाटकाशी बसल्या. "दोर कोनाले जाते ते सांगा, मंगच वळू!" पाचव्या दिवशी मुंबईहून तार आली : कोलंबोचा माल बंद. चुकलं म्हणून अवाक्षर नाही, जगदेवला परत घ्यायचंही नाव नाही. बाया कामावर गेल्या. रुख्मिणीचा पाय निघेना, तेव्हा जगदेवच म्हणाला, "जाय. घर चालाले पाह्यजे."

तो इंझोरीच्या शेतांत मजुरीला जाऊ लागला. चूक लेखी कबूल करा म्हणून मुंबईच्या मालकांना पत्रांवर पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. दिवाळीनंतर थेट मुंबई गाठून तो पेढीच्या दारात बसला. नवव्या दिवशी मालक खाली आले. "तो सौदा व्हायला नको होता," म्हणाले.

"लिहून द्या."

मालक मोटारीत बसून निघून गेले.

घरी रुख्मिणीनं विचारलं, "मानलं ना त्याइनं?"

"तोंडानं," जगदेव म्हणाला. टेकला, आणि लगेच उठला. "पन गोव्यात लोकं अजून कोंडून हायेत. आपल्या दोरानं बांधलं ते चुकलं, हे त्याइले कोन सांगन?"