मी आत होते

पोलादपूरच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग मुंबईच्या एसटीत चढवली आणि खाली उतरून ते खांबाआड जाऊन उभे राहिले. वाडीतली आणखी दोन कुटुंबं त्याच गाडीला आली होती. त्यांच्याशी बोलावं लागू नये म्हणून. आई मात्र खिडकीला धरून शेवटपर्यंत बोलत होती, "चार माणसांत बसत जा गो. अशी घुम्यासारखी ऱ्हाऊ नको." मी मान हलवली. गाडी सुटली तेव्हा रडू आलं नाही. आता मला कुणी चार माणसांत बसवणार नाही, या विचाराने हायसं वाटलं. वाडीत राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना हे आज पहिल्यांदाच सांगतेय.

ॲनिमेचं, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचं वेड महाडला कॉलेजात असताना लागलं. आवाज जपानी, खाली इंग्रजी ओळी, आणि काच तडकलेला मोबाइल. त्यात खोलीचं दार लावून वर्षानुवर्षं आत बसलेली पोरं असतात, मला तीच आवडायची. आपल्याकडे कमी बोलणारी मुलगी एक तर गुणी, नाही तर शिष्ट. तिसरं काही असू शकतं हे मला या पोरांनी दाखवलं. ती काही गुणी नसतात. आईवर खेकसतात, मैत्रिणीचं बरं झालं की जळतात, उद्या नक्की बाहेर पडणार म्हणतात आणि पडत नाहीत. त्यांना बघताना वाटायचं, चला, आपल्यासारखं वाईट कुणीतरी आहे.

नवी मुंबईत घणसोलीला खोली घेतली. काम घरूनच होतं, डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून टाइप करायचं. दोन वर्षं बरी गेली. मग ते काम मशीन करू लागलं आणि आम्हाला नारळ मिळाला. घरी मी हे कळवलं नाही. आईचा फोन आला की "ड्युटीवर आहे" म्हणायचे आणि ठेवायचे. वाडीच्या मुंबई मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट केला. हळूहळू केस विंचरणंही सुटलं. दिवसभर पडद्यावरची ती पोरं आणि मी.

अशात एका दुपारी दाराबाहेर खोकला ऐकू आला. आमच्या वाडीत दिवसा दारं उघडीच असतात, कुणी ती वाजवत नाही. अंगणात उभं राहून खोकतात, मग हाक मारतात. बाबांचा खोकला मी हजारात ओळखेन. बाबा म्हणजे पाहुणे आले की गोठ्यात जाऊन बसणारा माणूस. महाडच्या पुढे ते कधी एकटे गेले नव्हते. चुलतभावाने लिहून दिलेली पत्त्याची चिठ्ठी अनोळखी माणसांना दाखवत, विचारत, ते तीन मजले चढून आले होते.

"हाय का गो घरात?"

मी मोबाइलचा आवाज बंद केला. ओट्यावर पंधरा दिवसांची भांडी होती, अंगावर चार दिवसांचा गाऊन. उठले असते तर सगळं कळलं असतं, नोकरीचं, खोटं बोलल्याचं, सगळंच. ते पुन्हा खोकले. मी श्वास धरून बसले. बऱ्याच वेळाने पावलं जिन्याकडे गेली.

तासाभराने दार उघडलं. कडीला पिशवी अडकवलेली होती, आत नाचणीचं पीठ आणि कडवे वाल. आणि दाराबाहेर माझ्या चपला. वाडीतल्यासारख्या मी त्या बाहेरच काढायचे, कशाही फेकलेल्या. महाडच्या बाजारातून त्यांनीच घेऊन दिलेल्या त्या चपला आता भिंतीला लावून, जोडीने, नीट ठेवलेल्या होत्या.

चार दिवसांनी आईचा फोन आला. "बाबा म्हणत होतं, पोर ड्युटीवर गेलीवती. कुलूप व्हतं म्हणं."

कुलूप नव्हतं.

त्यानंतर मी त्या पोरांपैकी एकाची मालिका परत लावली. आतल्या पोराच्या दारापाशी त्याची आई ताट ठेवते, तेव्हा तिची फक्त पावलं दाखवतात. इतक्या वेळा पाहूनही माझं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. मला आतलाच दिसायचा. शेवटच्या भागात तो दार उघडतो आणि ती समोर असते. मला राग आला, कारण मी उघडलं तेव्हा जिना रिकामा होता.

आता दुसरी नोकरी आहे, बरी आहे. गेल्या शिमग्याला गावी गेले. सगळे पालखीपाशी होते, बाबा गोठ्यात. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी आत होते."

ते म्हशीपुढे पेंढा टाकत राहिले. "ठावं हाय," म्हणाले. मग पुढची पेंढी सोडत, "मी बी तुझ्या आयेला कितींदा ओ देत नाय."

त्यांनी मला माफ केलं की माझ्यात स्वतःला ओळखलं, मला कळलं नाही. विचारायचं धैर्य झालं नाही, आणि विचारलं असतं तरी ते बोलले नसते. मुंबईला ते पुन्हा आले नाहीत. आता गुडघे धरलेत, जिने चढवत नाहीत.

तुमच्यापैकी कुणी विचारलं, पोर का येत नाय, तर ते अजून सांगतात, "कामात हाय." कधी मी खरंच कामात असते, कधी नुसतीच दार लावून बसलेली. घर म्हणजे माझ्यासाठी आता एवढंच उरलंय: माझ्या वतीने खोटं बोलणारा एक माणूस. तो थकत चाललाय, आणि त्याला दार उघडायचं माझं राहून गेलंय.