पंच्याण्णव की शंभर?

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत हो. चार मास्तरांना एका छोट्या गाडीत बसवा, रोज सकाळी जंगलातल्या घाटावरून पलीकडच्या शाळेत न्या आणि दुपारी परत आणा. वर्षभरात इतके किस्से साठतात की डिकीत जागा उरत नाही! आमच्या गाडीतले तर सगळेच एका विषयाचे. पेट्रोल कोणतं भरायचं?

गाडी पवार सरांची. सर आमचे पी.टी. टीचर, राहणार शिंदे की छावनी या मोहल्ल्यात, घराणं शिपायांचं. मिशी पाहिली तर वाटतं, माणूस वाघालाही शिट्टी मारून रांगेत उभं करेल. पण इंजिनातून जरा कुठे ‘टक’ झालं की चेहरा पांढराफटक! पुढच्या सीटवर केमिस्ट्रीच्या खेर मॅडम. मागे मी, म्हणजे हिंदीची वृंदा, आणि माझ्या शेजारी नंदिनी, आमच्यातली सगळ्यात लहान.

भीतीला कारणही होतं. नंदिनीला नुकतेच दिवस गेले होते, नवरा इंदूरला, तिच्या बदलीचं काम भोपाळला अडकलेलं. त्या घाटात मोबाईलला रेंज नाही, वस्ती नाही, दुकान नाही. तिथे गाडी बंद पडली आणि पोरीला काही झालं तर? हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नसे. सगळे फक्त पेट्रोलवर बोलत.

आणि पेट्रोल भरायची आमची पद्धत अशी, की दर आठवड्याला पाळीपाळीने एकेकाने टाकी भरायची. म्हणजे गाडी एक, पोट एक आणि स्वयंपाकी चार!

* * *

पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, “मॅडम, हे ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकदच ना?”

खेर मॅडम सीटवर वळून बसल्या. त्या वळल्या की तास सुरू होतो.

“ताकद नाही पवार, संयम! इंजिनात दाब पडला तरी वेळेआधी पेट घ्यायचा नाही, तो गुण. आकडा जितका मोठा, तितका संयम जास्त. वेळेआधी पेटलं की ती टकटक येते, नॉकिंग. तुमच्या गाडीला एक्याण्णव पुरेसं आहे. जास्तीचं भरून गाडी काही विमान होणार नाही!”

सरांनी गिअर बदलला. मग आरशात माझ्याकडे बघत म्हणाले, “म्हणजे दाब पडला तरी भडकायचं नाही. आपल्या स्टाफरूममध्ये एकाही मॅडमचा ऑक्टेन नव्वदच्या वर नसेल!”



* * *

खेर मॅडमची पाळी आली तेव्हा त्या स्वतः पंपावर उतरल्या. आधी घनता दाखवा म्हणाल्या. मग भेसळ बघायला फिल्टर पेपर मागितला, त्यावर थेंब टाकला, तो सुकेपर्यंत उभ्या राहिल्या, वास घेतला, उन्हाकडे धरून पाहिला. मागे लाईन पार पाटणकर बाजारापर्यंत गेली असेल.

शेवटी एक बाईकवाला ओरडला, “मैडम, पेट्रोल लेना है कि लड़की पसंद करनी है?”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “बेटा, लड़की पसंद न आए तो घर लौट आते हैं। यहाँ तो रास्ते में जंगल है।”

बाईकवाल्यानेही मग फिल्टर पेपर मागितला!

* * *

नंदिनीच्या पाळीला तिने एकदम शंभरवालं भरलं.

“सर, टेंशनच नका घेऊ. सौ नंबर वाला डलवा लिया है। शंभरपैकी शंभर!”

सरांना घाम फुटला. शंभर म्हणजे रेसच्या गाड्यांचं, आपल्या गरीब इंजिनाला ते कसं झेपणार? त्या दिवशी त्यांनी सगळा रस्ता तीसच्या स्पीडने गाडी चालवली. एक ट्रॅक्टर आम्हाला ओव्हरटेक करून गेला, आणि त्याच्या ट्रॉलीवर बसलेल्या बायका आमच्याकडे पाहून हात हलवत होत्या. शाळेत पोचलो तेव्हा दुसरा तास चालू होता.

“झालं का काही?” मॅडमनी विचारलं.

“काहीच नाही झालं,” सर घाम पुसत म्हणाले, “त्याचाच तर मला डर वाटतोय!”

* * *

मग एके दिवशी टकटक खरंच सुरू झाली. सपाटीला नाही, फक्त घाट चढताना. टक. टक-टक. सरांनी फर्स्ट गिअर टाकला, एसी बंद केला, तरी टकटक. पुढच्या पाळीला पंच्याण्णव भरलं, तरी टकटक. शंभर भरलं, तरी टकटक! सर रात्री झोपेनात. नंदिनी चढण आली की माझा हात धरून डोळे मिटून बसायची.

शेवटी सरांनी ऐन घाटात गाडी उभी केली आणि बॉनेट उघडलं. इंजिन बंद. मॅडमनी मान वळवून मागच्या काचेखालच्या फळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “वृंदा, तो स्टीलचा डबा जरा उचल बघू.”

डब्यात मॅडमनीच नंदिनीसाठी केलेले डिंकाचे लाडू होते. दर आठवड्याला नवे. पोरीला ते फुटत नसत, आणि मॅडमना तसं सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून डबा तिथेच फिरत असे. चढ आला की लाडू गडगडत मागे जायचे आणि स्टीलवर आपटायचे.

सर बॉनेट लावून परत आले. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, “मॅडम, या लाडवांचा ऑक्टेन किती?”

* * *

दसऱ्याला सरांकडे शस्त्रपूजा असते. पणजोबांची तलवार, ढाल आणि त्यांच्या शेजारी गाडीची किल्ली. वहिनींनी पेट्रोलच्या झाकणालासुद्धा हळदकुंकू लावलं. सर तरीही काळजीतच. सोमवारी शाळा, टाकीत कोणतं भरू?

वहिनी वैतागल्या. “अहो, तुमचे पणजोबा लढाईवर गेले तेव्हा घोड्याला चणे कोणत्या नंबरचे, हे विचारत बसले नव्हते!”

“घोडा मध्येच बंद पडत नाही!” सर म्हणाले.

“त्यांचा पडला होता,” वहिनी निरांजन ओवाळत म्हणाल्या, “म्हणून तर ते जिवंत परत आले आणि आज तुम्ही दिसताय!”

* * *

आता ऐका, हे फक्त आमच्याकडूनच होऊ शकतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर पाळी कुणाची आणि भरायचं कोणतं, यावर इतका वाद झाला, इतका वाद झाला, की भरायचंच राहून गेलं! गाडी घाटाच्या मधोमध दोन आचके देऊन थांबली.

शांतता. वर झाडांवर माकडं. फोनला रेंज नाही. नंदिनीने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि ती रडायला लागली. आवाज न करता. मला ते अजून आठवतं.

तेवढ्यात खालून एक मोटरसायकल आली. वर एक धिप्पाड माणूस, डोक्याला गमछा, खांद्याला बंदूक. आपल्या इकडे बंदूक काही नवी नाही, पण घाटात भेटली की नवीच वाटते. तो उतरला, गाडीभोवती फिरला, काचेतून आत डोकावला.

“मास्टरनी हो?”

मॅडमनी मान हलवली.

“हमारा लड़का आठवीं में है। पास तो हो जाएगा?”

“फर्स्ट क्लास!” आम्ही तिघी एकदम ओरडलो. मुलाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं!

तो काही न बोलता निघून गेला आणि थोड्या वेळाने प्लास्टिकच्या बाटलीतून पेट्रोल घेऊन आला. कुठून आणलं, देव जाणे. बाटली त्याने पुढे केली. आणि पवार सरांनी, त्या जंगलात, त्या बंदुकीसमोर उभं राहून विचारलं, “भैया, ये पंचानबे है कि शंभर?”

त्याने बाटली उन्हात धरली, नीट पाहिली.

“मास्साब, पीला है।”

* * *

आणि आता नंदिनीच्या शेवटच्या दिवसाचं सांगते. सोमवारपासून तिची सुट्टी सुरू होणार होती. शनिवारी शेवटच्या तासाला ती वर्गातून बाहेर आली आणि व्हरांड्यात भिंत धरून उभी राहिली. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. एप्रिलची दुपार, अंग भाजणारी लू वाहत होती. सरांनी गाडी दारात आणली.

घाट लागला आणि इंजिनातून आवाज आला. या वेळी मागे डबा नव्हता. तो खरा आवाज होता. गाडी मुंगीच्या गतीने चढत होती, नंदिनी माझा हात पिळत होती आणि म्हणत होती, “ताई, यहाँ नहीं, यहाँ नहीं।”

“गाडी हलकी करायला हवी,” सर म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

खेर मॅडमनी दार उघडलं. “मी उतरते. सगळ्यात जड मीच आहे. वृंदा, तिचा हात सोडू नकोस. पवार, माझ्यासाठी थांबलात तर याद राखा!”

मी मागे वळून पाहिलं. भर उन्हात, त्या जंगलात, पर्स छातीशी धरून मॅडम एकट्या उभ्या होत्या. वळण आलं आणि त्या दिसेनाशा झाल्या.

टकटक वरपर्यंत थांबली नाही. उतार लागला तेव्हा कुठे सरांनी श्वास सोडला. शहरात लश्कर भागातल्या गर्दीत त्यांनी हॉर्नवरचा हात उचलला नाही, आणि हॉस्पिटलात पोचताच नंदिनीला स्ट्रेचरवरून आत नेलं.

पाच वाजता मॅडम आल्या. दुधाच्या गाडीतून, केस विस्कटलेले, चपलेचा अंगठा तुटलेला. त्या बाकावर टेकल्या, तेवढ्यात नर्स बाहेर आली. मुलगी. दोघी बऱ्या आहेत. मॅडम मोठ्याने रडल्या. केमिस्ट्रीच्या मॅडमना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

पण पवार सर कुठे? शोधत पार्किंगमध्ये गेले. सर गाडीतच होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आणि इंजिन चालू!

“सर, मुलगी झाली! दोघी ठीक आहेत!”

सरांनी डोळे मिटून हात जोडले. मिशी थरथरत होती. पण किल्लीला हात लावेनात.

“अहो, आता बंद तरी करा ना गाडी!”

“बंद केली आणि परत स्टार्ट नाही झाली तर? दोघींना घरी कोण नेणार?”

“सर, डिस्चार्ज परवा आहे.”

सरांनी पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं.

“परवा किती वाजता?”