खिडकीतून परत आलेली साती

योजगातच्या पठारावर एखाद्या मुलीचं नाव साती आहे असं कळलं, की तिच्याआधी त्या घरात काय घडलं असेल ते विचारावं लागत नाही. आमच्या बोलीत साती म्हणजे विकलेली. आमच्या सातीच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून ती जन्मली तशी आजीने तिला दुपट्यात गुंडाळून खिडकीतून शेजारच्या हुस्नेच्या हातात दिली. हुस्नेची सगळी लेकरं धडधाकट होती. तिने पिशवीभर बुलगूर, म्हणजे उकडून भरडलेला गहू, दिला आणि सौदा झाला. मृत्यू दाराशी आलाच तर त्याला सांगायचं, ही पोर आमची नाही, शेजारणीची. मग आई गुल्लूने आपलीच पोर परक्याची म्हणून वाढवली. साती जगली, आणि चांगली दणकट निघाली.

लग्नाआधी अशी मुलगी परत विकत घ्यावी लागते. गुल्लू मात्र दरवर्षी टाळत राहिली. पोर आपली झाली आणि मृत्यूच्या लक्षात आलं तर? या धाकधुकीत वर्षं गेली. पुढे साखरबीटाच्या शेतातल्या पाण्यावरून सातीचा बाप दुरान हुस्नेच्या नवऱ्याशी भांडला. नवरा वारला, पण अबोला तसाच राहिला.

आता सातीचं लग्न तीन दिवसांवर आलं होतं.

"दुसऱ्याच्या मुलीच्या कमरेला लाल पट्टा तुझे बाबा कसे बांधणार?" गुल्लू डोळे पुसत म्हणाली. बापाच्या हातचा पट्टा बांधल्याशिवाय नवरी उंबरा ओलांडत नाही.

"मी त्या बाईच्या दारात पाऊल ठेवणार नाही," दुरान म्हणाला आणि टोपी घालून चहाच्या दुकानाकडे निघून गेला.

सातीला रडू येत होतं, त्याहून जास्त राग येत होता. बापाने पट्टा बांधावा एवढंच तिला हवं होतं. तिने एक कोंबडी काखोटीला मारली आणि तडक हुस्नेचं घर गाठलं.

हुस्ने चुलीपुढे पोळ्या लाटत होती. "काय गं, माल स्वतःच स्वतःची किंमत घेऊन आला?"

"मावशी, कोंबडी घे आणि सोड मला."

"अशी बरी सोडीन. ज्यांनी विकलं त्यांनी यायचं, माझ्या खिडकीखाली उभं राहून मागायचं. आणि तू जायचीस ती खिडकीतूनच."

"त्या खिडकीत मी मावणार का?"

"ते बकलावा चापताना आठवायचं होतं." एवढं बोलून हुस्नेने एक गरम पोळी तिच्या हातावर ठेवली. अबोल्याच्या सगळ्या वर्षांत ती अशीच भिंतीवरून पोळी देत आली होती.

साती आईला हात धरून घेऊन आली. गुल्लूने खिडकीखाली उभं राहून पोर परत मागितली. सातीने आतून डोकं, मग खांदे बाहेर काढले आणि ती कमरेशी घट्ट अडकली. आतून हुस्ने ढकलतेय, बाहेरून गुल्लू ओढतेय, आणि मधे लोंबकळणारी नवरी हसून हसून बेजार. गल्लीत बायका जमल्या. गलका ऐकून दुरान धावत आला. मुलगी धडपडताना पाहून तो अबोला-बिबोला विसरला, तिला काखेत धरून त्याने जोर लावला आणि भिंतीच्या मातीसकट साती त्याच्या अंगावर येऊन पडली.

हुस्नेने खिडकीतून डोकं काढलं. रीतीप्रमाणे तिने विचारलं, "घेतली का?"

उत्तर गुल्लूने द्यायचं होतं. पण एवढी वर्षं परक्याची म्हणत सांभाळलेली पोर तिने गच्च कवटाळली होती.

दुरानने अंगावरची माती झटकली. "घेतली, वहिनी," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही नीट सांभाळलीत."

"कोंबडी ठेवून जा," हुस्ने म्हणाली. मग घाईने आत वळली, कारण तिलाही रडू कोसळलं होतं.

पुढे तालुक्याच्या गावी एका मास्तरीणबाईंनी सातीला सांगितलं, असलं नाव बदलून घ्या. साती म्हणाली, "कशाला? मला जगवायला दोन घरं राबली, ते या नावात आहे."

पण ते नंतरचं. लग्नाच्या दिवशी दुरानने लाल पट्टा सातीच्या कमरेभोवती रीतीप्रमाणे दोनदा फिरवून सोडला. तिसऱ्यांदा गाठ मारायची तेव्हा त्याने मागे वळून हुस्नेला पुढे बोलावलं आणि पट्ट्याचं एक टोक तिच्या हातात दिलं.