जावयांच्या वाट्याचं लाकूड

मला माझ्या साडूचा हेवा वाटतो. आता या वयात आडपडदा कशाला ठेवायचा? तो आयटीत आहे, बाणेरला राहतो, गाडी मोठी आहे, केस अजून काळे आहेत. त्यातल्या कशाचंही मला काही नाही, लखलाभ असो. मी जळतो ते त्याच्या लाकडावर.

आमच्या सासऱ्यांची रीतच निराळी. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, विमानं करण्याचा नाद आयुष्यभराचा. लोक पहिल्या दिवाळसणाला जावयाला अंगठी घालतात, यांनी माझ्या हातात एक खोकं ठेवलं. आत बाल्साच्या पातळ फळ्या, पट्ट्या, नकाशा आणि एक लांबलचक रबर. सगळं कापून चिकटवायचं, वरून पातळ कागद ताणून बसवायचा, नाकावरचा पंखा फिरवून रबर पिळायचं आणि विमान सोडायचं. मी बायकोकडे पाहिलं, ती दुसरीकडे बघत होती. पण करायला बसलो आणि अडकलो. धाकट्या मेव्हणीचं लग्न झाल्यावर खोकी दोन झाली. तेव्हापासून दर पाडव्याला दोन जावई, दोन खोकी, आणि थंडीत एका रविवारी सकाळी खडकीकडच्या मैदानावर दोन्ही विमानांचं उड्डाण.

आता बाल्सा हे लाकूड कसं हवं? बाशिंगाच्या भेंडासारखं. हातात घेतलं तर घेतलंय असं वाटू नये. माझ्या खोक्यातलं लाकूड म्हणजे पोळपाटाचं भावंड. एक फळी टणक, दुसरी भुसभुशीत, पट्ट्यांना बाक आलेला. डावा पंख एका जातीचा, उजवा दुसऱ्या. असं विमान सोडलं की जड पंखाकडे कलतं आणि गिरकी घेऊन नाकावर आपटतं. शेपूट जड झालं तर नाकाला माती थापायची, म्हणजे आणखी जड! आणि साडूचं खोकं उघडावं तर आत पांढरीशुभ्र, सरळ, हलकी पानं. एकाच कंपनीची खोकी, एकाच दिवशी आलेली. दर वर्षी त्याचं नशीब फळफळायचं आणि माझं तिरपागडं.

"नशीब असतं एकेकाचं, साडूभाऊ," तो हसत म्हणायचा. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

एकदा सुट्या फळ्या आणायला बुधवार पेठेत गेलो. शाळेच्या प्रकल्पांचं सामान विकणारं दुकान. "जरा हलकी बघून द्या," म्हटलं. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "सगळ्या हलक्याच आहेत. जड वाटत असतील तर व्यायाम करा." त्यानं दिलेली फळीही वाकडीच निघाली.

मग राहिली एकच वाट. वाकडी पट्टी घेऊन, तोंड पाडून, मी नारायण पेठेत सासऱ्यांकडे जायचो. ते पट्टी खिडकीकडे धरून एक डोळा मिटायचे, "बाक आहे" म्हणायचे, जसं काही मला दिसतच नव्हतं! मग केटल लावायची, वाफेवर पट्टी धरून हळूहळू उलट्या बाजूला वळवायची, टाचण्या टोचून वाळत ठेवायची. टणक फळी पॉलिश पेपरनं घासघासून पातळ करायची. अगदीच टाकाऊ तुकडा असेल तर त्याच्याच मापानं दुसरा कापायचा. सासूबाई चहा ठेवून जायच्या आणि तो गार व्हायचा. मी सगळा वेळ कंपनीच्या नावानं खडे फोडायचो, बाबा 'हं' म्हणायचे. अशा कितीतरी संध्याकाळी गेल्या.

एवढं करून मैदानावर काय? साडूचं विमान घारीसारखं संथ तरंगायचं आणि बाबा म्हणायचे, "छान!" माझं विमान, त्या लाकडाचं, तेही उडायचं हो, बरंच उडायचं. बाबा म्हणायचे, "ठीक आहे." दर वर्षी. मला दुसरं काही नको होतं. अंगठी नको, मान नको. त्या माणसाच्या तोंडून एकदा 'छान' ऐकायचं होतं.

"लाकडावरून काय जळता हो?" बायको म्हणायची. तिला काय सांगणार कप्पाळ!

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या आदल्या दिवशी, तिनं मला अनारशांचा डबा देऊन माहेरी पिटाळलं. दार उघडंच होतं. बाबा टेबलाशी बसलेले. समोर दोन्ही खोकी उघडी, मध्ये स्वयंपाकघरातला वजनकाटा. एकेक फळी काट्यावर ठेवत होते, वाकवून बघत होते आणि इकडची तिकडे करत होते. मी डबा हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

"बाबा, हे काय चाललंय?"

"निवडतोय," ते म्हणाले. तांदूळ निवडावेत इतक्या सहज. "दोन खोक्यांत मिळून एका विमानाचं धड लाकूड येतं. ते एकीकडे करतो."

"आणि ते कुणाला?"

"त्यांना. उरलेलं तुम्हाला."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मी कंपनीला शिव्या घातल्या, नशिबाला घातल्या, आणि हा पंक्तिप्रपंच घरातच चाललेला! "का पण? मी काय सावत्र जावई आहे का?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "वाईट लाकूड त्यांना दिलं तर ते खोकं माळ्यावर टाकतील. तुम्ही टाकत नाही. तुम्ही चिडता, पण विमान करता. मला दोन्ही उडायला हवी असतात."

"बरं. मग मैदानावर 'छान' त्यांनाच का?"

"त्यांना लागतं ते."

"मलाही लागतं हो!"

इतक्या मोठ्यानं ओरडलो की सासूबाई झारा घेऊन बाहेर आल्या. "काय झालं? कोण पडलं?" बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हलकं खोकं बंद केलं आणि माझ्याकडे सरकवलं. "घ्या. यंदा हे तुमचं."

मी घेतलं. का नाही घेणार? हक्काचं होतं. नमस्कारसुद्धा विसरून घरी आलो आणि त्या फळ्या हातात घेऊन नुसता बसलो. काय लाकूड ते! कटर लोण्यातून फिरावा तसा फिरला. कुठे बाक नाही, कुठे घासायला नको. विमान बघता बघता तयार झालं. नारायण पेठेत जायचं काही कारणच पडलं नाही.

साडू मात्र जायला लागला. खोकं माळ्यावर गेलं नाही. बायको रोज फोनवरून बातम्या आणायची. आज बाबा त्याला वाफेवर पट्टी वळवायला शिकवत होते. आज त्याचं बोट भाजलं, बाबांनी बर्फ लावला. आज दोघं इतके रंगले की आईनं त्याला जेवायलाच थांबवून घेतलं. मी "बरं बरं" म्हणायचो आणि पेपरात तोंड घालायचो. मला एकदाही कुणी जेवायला थांबवलं नव्हतं. म्हणजे सासूबाई म्हणायच्या, मीच रागात निघून यायचो.

रविवारी मैदानावर माझं विमान आधी सोडलं. हातातून सुटलं आणि वर, आणखी वर, संथ मोठी वर्तुळं घेत राहिलं. बाबा म्हणाले, "छान!" मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. साडूनं टाळ्या वाजवल्या. मी त्या शब्दाची इतकी वर्षं वाट पाहिली होती, आणि कानावर पडला तेव्हा कळलं की तो लाकडाला होता.

मग त्याचं. जड, ठिगळं लावलेलं, नाकाला मातीचा गोळा. ते डावीकडे कललं, सावरलं, पुन्हा कललं आणि जाऊन बाभळीवर बसलं. बाबा काठी टेकत एवढं मैदान तुडवत त्याच्याबरोबर गेले. दोघांनी ते काठीनं काढलं. बाबांनी पंख उचलून एक डोळा मिटून पाहिला, साडूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे."

माझं 'ठीक आहे' होतं ते!

परतताना मी मुद्दाम मागे राहून बाबांना गाठलं. "बाबा, पुढच्या पाडव्याला जड खोकं मलाच द्या."

बाबा थांबले. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ते त्यांनी आत्ताच मागून घेतलं," ते म्हणाले.